टाकीच्या झाकणाचं लॉक: गाडी मधेच बंद पडते, टाकीत पाणी होतं, चावी फिरत नाही

गाडी सकाळी एका किकला सुरू होते. दहा-पंधरा किलोमीटर छान पळते. मग चढाला, कधी सपाट रस्त्यावरच, जोर सोडते, दोन झटके मारते आणि बंद. टाकीत पेट्रोल आहे, प्लगला ठिणगी आहे. रस्त्याकडेला पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, आणि पुढे तेवढंच अंतर गेलं की पुन्हा तोच प्रकार. या तक्रारीवर लोक कार्बोरेटर साफ करून घेतात, प्लग बदलतात, कॉइल बदलतात. पैसे जात राहतात आणि गाडी बंद पडत राहते. अशा वेळी सगळ्यात आधी टाकीचं झाकण बघायला हवं, आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी बघितलं जातं.

झाकणाला लॉक असतं म्हणून ते चोरीपुरतं आहे असं वाटतं. पण झाकणाची मुख्य कामं दोन: टाकीत हवा जाऊ द्यायची आणि पाणी जाऊ द्यायचं नाही. साध्या आट्यांच्या झाकणात ही दोन्ही कामं सुटसुटीत होत. लॉकच्या झाकणात त्याच एवढ्याशा जागेत कुलपाची नळी, स्प्रिंगा, खिट्टी, रबर आणि हवेचं भोक असं सगळं कोंबलेलं असतं. त्यामुळे कुलपात धूळ गेली तर हवा अडते, हवेची वाट मोकळी करायला गेलं तर पाणी शिरतं, आणि पाणी शिरलं की कुलूप गंजतं. खालच्या तिन्ही तक्रारी याच एका कारणातून येतात.

गाडी चालताना बंद पडते

तपासणी बंद पडल्या जागीच करायची. गाडी थांबली की वेळ न घालवता चावी लावून झाकण उघडा. आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, एवढं आधी बघा. टाकीत हवा कमी पडली असेल तर झाकण सुटताना हवा आत ओढल्याचा 'सूं' असा आवाज येतो, आणि झाकण उचलतानाच आतून धरून ठेवल्यासारखं जड लागतं. झाकण उघडल्याबरोबर गाडी सुरू झाली आणि झाकण लावून पुन्हा साधारण तेवढ्याच अंतरावर बंद पडली, तर दोष सापडला असं समजायला हरकत नाही.

उन्हात उभ्या गाडीचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' होऊन वास येतो, तो प्रकार वेगळा. तिथे उन्हाने तयार झालेली वाफ बाहेर पडत असते आणि थोड्या प्रमाणात ते चालायचंच. आपल्याला शोधायचाय तो आत जाणाऱ्या हवेचा आवाज.

गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, म्हणून आपण समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. टाकीचंही तेच आहे. इंजिनाने जेवढं पेट्रोल घेतलं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नुसतं स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, त्यामुळे ओढ वाढली की धार बारीक होत जाते, फ्लोटची वाटी (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) भरत नाही आणि इंजिन उपाशी मरतं. थांबल्यावर रबराच्या कडेने थोडी थोडी हवा आत शिरते, म्हणून दहा मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू होते. 'गरम झाली की बंद पडते' हा निष्कर्ष लोक इथूनच काढतात आणि मग इंजिनाच्या मागे लागतात.

हा त्रास टाकी फुल केल्यावर लवकर येतो. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर हवा थोडीच असते, त्यामुळे थोडं पेट्रोल संपलं तरी ओढ लगेच वाढते. अर्ध्या टाकीला तीच गाडी बरीच लांब जाते. मग साहजिकच पंपावरच्या पेट्रोलवर संशय येतो. पेट्रोलची शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपरवर थेंब टाकून तपासणी मागता येते, तो ग्राहकाचा हक्क आहे. पण भांडण करण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या गाड्यांत टाकीतला पंप जोर लावून पेट्रोल खेचतो, त्यामुळे गाडी पटकन बंद पडत नाही. तिथे आधी पंपाचा आवाज चढतो, वेगात असताना ताकद कमी होते, आणि फारच झालं तर टाकीचा पत्रा आत ओढला जातो. शिवाय बीएस ४ (प्रदूषणाचा सरकारी नियम) पासूनच्या पुष्कळ दुचाकींत टाकीची वाफ कोळशाच्या डबीत नेणारा पाइप असतो आणि हवेची देवघेव त्याच वाटेने होते. अशा गाडीत झाकण नीट असूनही हीच लक्षणं दिसली तर सर्व्हिसिंगमध्ये टाकी उतरवली होती का ते आठवा. परत बसवताना हा पाइप टाकीखाली चेंगरलेला सापडतो. टाकी गळ्यापर्यंत भरण्याची सवय असली तर पेट्रोल थेट त्या डबीत उतरतं आणि कोळसा निकामी होतो. नोझल एकदा कट झालं की थांबा, पैशाचा आकडा गोल करायला वरून ओतून घेऊ नका.

आता सफाई. हातात निघून येणारं झाकण असेल तर ते उलटं करा. मधे रबराची चकती, तिच्याखाली पत्रा, आणि पत्र्यात बारीक भोक किंवा फट दिसेल. तिथेच तेलकट काळा थर बसलेला असतो: कुलपात सोडलेलं तेल आणि रस्त्यावरची धूळ यांचं मेण. औषधाच्या दुकानात मिळणारी सिरिंज घ्या, पुढे रबरी नळीचा तुकडा लावा आणि भोकावर दाबून हवा भरा. दट्ट्या सहज जायला हवा. अडत असेल तर थोडं पेट्रोल सोडून भिजू द्या आणि वायरमधली तांब्याची एकच बारीक तार आत फिरवा. सुई किंवा खिळा घालू नका. बऱ्याच झाकणांत भोकामागे एक बारीक गोळी किंवा रबरी पडदा असतो, गाडी आडवी पडली तर पेट्रोल सांडू नये म्हणून. तो फाटला की वाट कायमची उघडी राहते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा जवळून मारल्यानेही तोच पडदा जातो.

झाकण सैल ठेवून गाडी चालवून बघायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. ब्रेक मारल्यावर पेट्रोल उसळून मांडीवर आणि तिथून तापलेल्या इंजिनावर येतं. थांबून उघडून बघण्याने तेवढंच कळतं.

पावसाळ्यात टाकीत पाणी होतं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः कोकणात आणि घाटावरच्या पावसाच्या पट्ट्यात, ही तक्रार ठरलेली. रात्री गाडी पावसात उभी राहिली की सकाळी सुरू होताना कुरकुरते, झाली तरी अडखळत चालते.

टाकीच्या वरच्या पृष्ठभागाशी सपाट बसणारं, बिजागरीवर उघडणारं झाकण दिसायला देखणं असतं. पण त्याच्या कड्याभोवती पन्हळ असते आणि तिच्यात पाणी साठतं. ते निघून जावं म्हणून पन्हळीत एक बारीक भोक असतं. तिथून टाकीच्या पोटातूनच एक नळी खाली जाते, पुढे रबरी पाइपाने मागच्या चाकाजवळ मोकळी होते. हे भोक बुजलं की झाकणाखाली डबकं तयार होतं. रबर चांगलं असेल तर पाणी तिथेच थांबतं, आणि पंपावर झाकण उघडल्याबरोबर सगळं टाकीत उतरतं. म्हणजे पाणी पावसाने आत जात नाही, आपण पेट्रोल भरताना आत सोडतो. म्हणून पावसात झाकण उघडण्याआधी कडेचं पाणी फडक्याने टिपून घ्या आणि उघडल्यावर, नोझल आत घालण्याआधी, कड्याखाली एकदा नजर टाका.

भोक बुजतं ते वरून धुळीने, खालून चिखलाने. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा झाकणावर धरला जातो तेव्हा कड्याची सगळी माती त्या भोकात जाऊन बसते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या पाइपाच्या तोंडाला कुंभारमाशी मातीचं घर करते, ते बाहेरून चिखलच वाटतं. रेक्झिनचं टाकीचं कव्हर घातलेलं असेल तर तेही काढून बघा. त्याच्याखाली ओल दिवसभर राहते आणि कव्हराची कड नेमकी पन्हळीवर बसलेली असते.

मोकळं करायचं ते खालून. आधी रबरी पाइप काढून वेगळा धुवा. मग मासेमारीची तंगूस, तीही जाडसर, खालून वर सारा. वरून सारली तर गाळ आणखी घट्ट बसतो. झाल्यावर सिरिंजने पन्हळीतल्या भोकात चमचाभर पाणी सोडा आणि ते खाली त्याच वेगाने पडतंय का बघा. पाणी भोकातच सोडायचं, कड्यावर ओतायचं नाही. आणि या पाइपातून कधी पेट्रोलचा थेंब येताना दिसला किंवा उभ्या गाडीखाली वास आला, तर टाकीच्या पोटातली नळी गंजून तिला छिद्र पडलंय. पाइपाच्या तोंडाला बूच मारणं हा त्यावरचा उपाय नाही. टाकी उतरवून चांगल्या कारागिराकडे द्यायला हवी.

दुसरी वाट चावीच्या भोकाची. त्यावर सरकणारी बारीक झडप असते, तिची स्प्रिंग गेली की ती उघडीच राहते आणि पाणी थेट कुलपात जातं. अशा झाकणावर पावसाळ्यापुरता प्लास्टिकचा तुकडा चिकटवला जातो. तो कुलपावर चालेल, पण हवेचं भोक त्याखाली येऊ देऊ नका, नाहीतर एक तक्रार जाऊन दुसरी येईल.

पाणी गेलं हे ओळखायचं कसं? कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि स्थिर ठेवा. पूर्वी पाणी तळाला वेगळ्या गोळ्यांसारखं लगेच दिसायचं. आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे: देशात सरासरी १० टक्क्यांचं मिश्रण २०२२ मध्ये गाठलं गेलं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं, त्यामुळे चार थेंब गेले तर काहीच दिसत नाही आणि गाडीही चालते. प्रमाण वाढलं की मात्र इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. म्हणून तळाचा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षा मोठा दिसतो. इंजेक्शनच्या गाडीत पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे पहिला घोट याच थराचा जातो.

असा थर दिसला तर वरून नवीन पेट्रोल टाकून 'मिसळून जाईल' म्हणू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, पुसून कोरडी करा, मग भरा. काढलेलं पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये घ्या आणि गॅरेजवाल्याच्या हवाली करा. गटारात किंवा विहिरीच्या बाजूला ओतणं फार वाईट. टाकीच्या तळाला तांबूस पूड दिसली तर आतून गंज धरलाय, आणि मग नुसतं झाकण सुधारून भागणार नाही.

चावी फिरत नाही, किंवा तुटते

इग्निशन, हँडल आणि टाकी या सगळ्यांना एकच चावी. इग्निशनमध्ये ती दिवसातून दहा वेळा फिरते, टाकीत आठवड्यातून एकदा. चावी झिजते तशा इग्निशनमधल्या, चावीच्या खाचांना जुळणाऱ्या पितळी पत्त्याही झिजत जातात, दोघांचं जमून राहतं. टाकीच्या कुलपातल्या पत्त्या मात्र जवळजवळ नव्याच असतात. त्यामुळे गाडी सुरू करणारी चावी टाकीला नकार देते. दोष कुलपाचा वाटतो, असतो चावीचा. गाडीबरोबर मिळालेली दुसरी चावी कपाटात असेल ती लावून बघा. ती फिरली तर तीच चावीवाल्याकडे नेऊन तिच्यावरून नक्कल काढा. झिजलेल्या चावीची नक्कल म्हणजे झिजलेलीच चावी.

दुसरी चावीही अडत असेल तर झाकण तळहाताने खाली दाबून ठेवा आणि मग फिरवा. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉलने फुगतं, झाकण वर उचललं जातं आणि खिट्टी कड्याला घासून बसते. वरून दाब दिला की खिट्टी मोकळी होते आणि चावी बोटांच्या जोरावर फिरते. असं असेल तर कुलपाला हात लावू नका, रबर बदला. पक्कड लावून चावी पिळली तर ती हमखास तुटते, आणि बहुतेक वेळा पेट्रोल पंपाच्या रांगेतच तुटते.

समुद्राकाठच्या गावांत कुलपाच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसते. झाकणाचं ओतकाम जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, त्याला खारी हवा अशी खाते. गंज सोडवणारा स्प्रे मारून चावी हलकेच आत-बाहेर करा, फिरवायची घाई नको. मोकळं झालं की फडक्याने टिपून ग्राफाइटची पूड फुंका. इंजिन ऑइल, खोबरेल, ग्रीस यातलं काही सोडू नका. त्या दिवशी चावी लोण्यासारखी फिरते आणि महिन्याभरात धूळ चिकटून पहिल्यापेक्षा घट्ट बसते. हीच पूड इग्निशनच्या कुलपात मात्र घालायची नाही. ग्राफाइटमधून वीज जाते आणि तिथे खाली स्विचचे पॉइंट असतात.

चावी कुलपातच तुटली तर आधी कुलपाची फट जिथे चावी बाहेर निघते त्या मूळ जागी आहे का बघा. थोडी जरी फिरलेली असेल तर बारीक पेचकसाने परत आणा, त्याशिवाय तुकडा निघणार नाही. मग कोरीवकामाच्या करवतीचं पातं, दात बाहेरच्या बाजूला करून, चावीच्या दातांच्या कडेने सारा आणि ओढा. फेविक्विक लावून जोडायचा प्रयत्न अजिबात करू नका, अख्खं कुलूप बाद होतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकी गाडीवर असताना झाकणावर ग्राइंडर किंवा ड्रिल चालवू देऊ नका. 'टाकी रिकामीच आहे' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा असते आणि भडका त्यांचाच उडतो. चावीवाला किंवा मिस्त्री कितीही सराईत असला तरी तुम्ही नाही म्हणा आणि गाडी ओढून न्या. बऱ्याच गाड्यांत कड्याचे वरून दिसणारे काही बोल्ट नुसते शोभेचे असतात आणि खरा बोल्ट झाकण उघडल्यावरच दिसतो, म्हणून कडं उचकटायलाही जाऊ नका, टाकीचा पत्रा वाकतो.

लॉक हवं की नको

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल चोरणारा झाकणाला हात लावतच नाही. खाली कॉकचा रबरी पाइप ओढला की बाटली भरते. त्यामुळे तिथे झाकणाच्या लॉकचा उपयोग टाकीत कुणी काही घालू नये एवढ्यापुरताच. ट्रॅक्टर आणि शेतातल्या डिझेल इंजिनाचं तसं नाही. रात्रभर रानात उभ्या यंत्रातलं डिझेल नळी घालून काढलं जातं आणि तिथे कुलूप लागतंच. पण बाजारातून लॉकचं झाकण आणताना जुन्या झाकणाला हवेचं भोक होतं का आणि नव्याला आहे का, हे दुकानातच सिरिंज लावून बघा. बिनभोकाचं झाकण बसवलं की नांगरट चालू असताना ट्रॅक्टर दम तोडतो आणि सगळे डिझेल फिल्टरच्या मागे लागतात.

चारचाकीत आता बहुतेक ठिकाणी झाकणाला लॉक नसून बाहेरच्या दाराला असतं, सीटजवळच्या खटक्याने किंवा सेंट्रल लॉकने उघडणारं. ते अडलं तर एकाने खटका ओढून धरायचा आणि दुसऱ्याने दार बाहेरून थोपटायचं, बहुधा उघडतं. काही गाड्यांत डिकीच्या आतल्या बाजूला ओढायची दोरी दिलेली असते, तुमच्या गाडीचं माहितीपुस्तक उघडून ती आजच शोधून ठेवा.

झाकण बदलायचंच ठरलं तर दोन वाटा आहेत. पूर्ण लॉक सेट घेतला तर इग्निशनसकट सगळं एका नव्या चावीवर येतं, खर्च जास्त. नुसतं झाकण घेतलं तर जुडग्यात दुसरी चावी वाढते. मधला मार्ग म्हणजे नवं झाकण चावीवाल्याकडे न्यायचं आणि आतल्या पत्त्या जुन्या चावीला जुळवून घ्यायच्या. रोजची झिजलेली चावी त्याच्या हातात देऊ नका. कपाटातली न वापरलेली द्या आणि तिच्यावरूनच पत्त्या बसवायला सांगा.